हात लागला त्याला वाटा

बातमी आली तेव्हा मी मीरा रोडच्या आमच्या घरात ओट्यापाशी उभी राहून तिसरीच्या वह्या तपासत होते. एका हातात डाव, दुसऱ्या हातात लाल पेन, ही माझी जुनी खोड. फोन उत्तनहून होता. फिलूबाईंची भाची बोलत होती. "टीचर, आत्या गेली. सकाळी चहा मागितला, आणि चहा नेईपर्यंत..." भाजी खाली लागल्याचा वास आला तेव्हा मी गॅस बंद केला आणि तिथंच खुर्ची ओढून बसले. रडू यायच्या आधी मनात एक भलताच विचार आला, की आता माझ्या चुका कोण पकडणार?

ही गोष्ट तशी लाजेनंच सांगायची, कारण चुका पकडण्याचं काम उभ्या शाळेत माझं असायचं. लग्नानंतर आम्ही दादरहून इकडे राहायला आलो आणि मला भाईंदर पश्चिमेच्या एका मराठी प्राथमिक शाळेत नोकरी लागली. माझं बोलणं शुद्ध, अक्षर वळणदार, साडीची निरी जागच्या जागी. आणि शेजारच्या वर्गात या फिलोमिना टीचर. सगळ्यांच्या फिलूबाई. उत्तनच्या कोळीवाड्यात जन्मलेल्या, तिथंच वाढलेल्या, चर्चच्या शाळेत शिकून शिक्षिका झालेल्या. रोज उत्तनहून बसनं यायच्या. मुलांशी त्या त्यांच्या घरच्या बोलीत बोलत. "काय झाला गो? पोटान् दुखते का?" मी एकदा त्यांना म्हटलं, की फिलूबाई, निदान वर्गात तरी प्रमाण भाषा हवी. त्यांनी मान डोलावली. "हवी ना, जोशी. ती पुस्तकान् हाय. पोटान् दुखते तेव्हा पुस्तक कोन उघडतो?" त्यांच्या डब्यात बहुतेक वेळा सुकट असायची आणि मी जेवणाच्या सुट्टीत माझी खुर्ची खिडकीकडे सरकवून घ्यायचे. हे त्यांना कळत होतं. त्या खुर्चीकडे बघायच्या, हसायच्या आणि डबा उघडायच्या.

त्यांच्या वर्गात मला सगळ्यात खुपायची ती त्यांची पेन्सिल. चार मुलांचा एक गट, एक मोठा कागद आणि पेन्सिल मात्र एकच. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं, तिसऱ्यानं लिहिलेलं वाचून बघायचं, चौथ्यानं कागद धरायचा. दुसऱ्या दिवशी कामं बदलायची. नियम दोनच. सांगणाऱ्यानं पेन्सिलीला हात लावायचा नाही आणि लिहिणाऱ्यानं आपल्या मनचं लिहायचं नाही. आणि खुद्द बाईंनी तर कशालाच हात लावायचा नाही. त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून गटागटांतून फिरत, नाकातली वाळी चाचपायलासुद्धा हात पुढे येत नसे. मी शिक्षकांच्या खोलीत थट्टा करायचे, की चौघांत एक पेन्सिल म्हणजे आमच्या फिलूबाई शाळेचा खर्च वाचवतात. सगळे हसत. त्याही हसत. मग एकदा त्यांनी मला त्यामागची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी होडी किनाऱ्याला लागली की ती वाळूवर ओढून घ्यायला जो कोणी दोरीला हात लावेल त्याला त्यांचे वडील मासळीची मूठ द्यायचे. आपला असो, परका असो, चार वर्षांचं पोर असो. दोरीला हात लागला, वाटा लागला. आणि ज्यानं हात लावला नाही तो घरातला असला तरी त्याला त्या दिवशी मूठ नाही. "माझ्या वर्गान् बी तसाच," त्या म्हणाल्या. मला तेव्हा ती एक गमतीशीर कोळीवाड्यातली गोष्ट वाटली, त्यापलीकडे काही नाही.

तिचा खरा अर्थ कळायला निकिता यावी लागली.

निकिता माझ्या तिसरीतली. वडील, संतोष, महाडकडचे. शाळेजवळच्याच मोरव्याच्या एका चाळीत भाड्यानं राहायचे, इमारतींना रंग द्यायचं काम करायचे. आई दोन-तीन घरची धुणीभांडी. मुलगी बोलायची कमी आणि तिची वही म्हणजे... आजही आठवली तरी डोळे निवतात. एकेक अक्षर कोरल्यासारखं. काना सरळ, वेलांटी गोल, ओळ कुठं तसूभर वाकडी नाही. मी ती वही वर्गभर मिरवायचे. बघा, शिका जरा हिच्याकडून. त्या वर्षी दिवाळीच्या आधी शाळा बघायला एक साहेब आले, तर मी तीच वही त्यांच्या हातात ठेवली. साहेबांनी कौतुक केलं आणि निकिताला उभं करून त्याच वहीतली एक ओळ वाचायला सांगितली. ती वहीकडे बघत राहिली. मी म्हटलं, वाच ना, घाबरू नकोस. तिनं माझ्याकडे बघितलं, परत वहीकडे बघितलं. साहेबांनी बोट ठेवून एकच शब्द दाखवला. 'घर'. तिला तोही आला नाही. चार महिने त्या पोरीनं फळ्यावरचं सगळं उतरवून काढलं होतं आणि त्यातलं एक अक्षरही तिला वाचता येत नव्हतं. साहेबांनी हसून वही मिटली. ते हसू मला झोंबलं. त्या दिवशी संध्याकाळी मी निकिताच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'वाचता येत नाही. नुसते उतरवून काढते. फसवते.' शेवटचा शब्द लिहिताना पेन जरा जास्तच दाबलं गेलं, मागच्या पानावर उमटलं.

चार दिवसांनी संतोष शाळेत आले. हातापायांवर रंगाचे शिंतोडे, प्रगतिपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. ते शेजारच्यांकडून वाचून घेतलं होतं. "बाई, दाखला द्या," ते म्हणाले. "गावाला म्हातारी पडलीय, एकटीच हाय. हिला तिथं ठेवतो. इथं काय येत नाय तर निदान तिला पानी तरी देईल." मी दाखल्याची प्रक्रिया सांगू लागले. मनातून थोडी सुटल्यासारखीही झाले होते, हे आज कबूल करते. एवढ्यात फिलूबाई दारातून आत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या संतोषना म्हणाल्या, की मला मार्चपर्यंत वेळ द्या. मार्चला मुलं आपली वही पालकांपुढं वाचतात, त्या दिवशी तुम्ही या, आणि मग पोरीला न्यायची तर न्या. संतोष म्हणाले, "म्हातारीला तोवर शेजारीण बघंल. पण मार्चला नाय जमलं तर नेनार."

त्याच संध्याकाळी फिलूबाई मोरव्याला त्यांच्या घरी जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत बाजूला घेतलं. त्यांनी काय पाहिलं होतं? संतोष घराजवळच्याच एका सोसायटीच्या भिंतीवर 'येथे गाडी लावू नये' असं रंगवत होते. सोसायटीवाल्यांनी दिलेली चिठ्ठी एका हातात आणि ब्रश दुसऱ्यात. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या, इमारतींच्या पाट्या चिठ्ठीवरून बघून रंगवल्या होत्या आणि एकही चुकवली नव्हती. सरळ रेघ उमटवायच्या खडूच्या दोरीचं दुसरं टोक धरून निकिता उभी होती. "जोशी, पोर फसवत न्हाय," फिलूबाई म्हणाल्या. "तिच्या घरान् अक्षर म्हंजे चित्र हाय. बापानं तिला चित्र शिकवला. आवाज शिकवायचा आपल्याला होता."

मी खाली बघितलं. आपल्याला म्हणजे मला, हे त्यांना म्हणावं लागलं नाही.

दुपारचे दोन तास त्या वर्षी दोन्ही वर्गांचा एकत्र प्रकल्प असायचा. 'आपल्या घरातली कामं' अशी एक मोठ्या कागदांची वही करायची होती. कुणाचे वडील रिक्षा चालवायचे, कुणाची आई पापड लाटायची, कुणाची आजी उत्तनला मासळी सुकवायची. ते घरून विचारून यायचं आणि गटानं लिहायचं. फिलूबाईंनी निकिताला त्यांच्या एका गटात घातलं आणि त्या गटापुरती आपलीच एक रीत मोडली. तिथं कामं बदलायची नाहीत, पेन्सिल कायम निकिताकडे. तिच्या शेजारी साहिल नावाचा एक अखंड बडबड्या मुलगा, ज्याचं अक्षर कोंबडीनं पाय नाचवल्यासारखं होतं, पण वाचायला पक्का. मी पहिल्या दिवशी मुद्दाम मागे उभी राहून ऐकलं. साहिल म्हणाला, "लिख ना, कांदा." निकितानं विचारलं, "पहिला कुठला?" साहिलनं हवेत बोट फिरवून दाखवलं. "मधे काठी नि दोन्हीकडं पोट, तो?" साहिलनं मान डोलावली. "हां, वोही. तो क हाय." निकितानं क काढला, इतका सुरेख, की चौघंही त्याच्याकडे बघत राहिले. आणि मग ती हळूच, अगदी स्वतःशी बोलावं तशी म्हणाली, "क." जणू वर्षानुवर्षं रोज दारासमोरून जाणाऱ्या माणसाचं नाव तिला त्या दिवशी कळलं होतं.

त्यानंतर जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं नसतं तर मला कुणी सांगूनही खरं वाटलं नसतं. एकेक करून तिची सगळी चित्रं बोलायला लागली. रोज तीन, कधी पाच. तिला अक्षर गिरवावं लागत नव्हतं, विसरत तर ती नव्हतीच. तिला फक्त शेजारी एक असा सवंगडी हवा होता, ज्याला सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तिच्याशिवाय ज्याचं लिहून होत नाही. साहिललाही तिची गरज होती. त्याच्या डोक्यातली वाक्यं कागदावर पोचेपर्यंत चुरगळायची, तिच्या हातून ती इस्त्री केल्यासारखी यायची. फिलूबाई हात मागे बांधून फिरत राहिल्या. तीन महिन्यांत त्यांनी निकिताला एकही अक्षर शिकवलं नाही. मी एकदा न राहवून विचारलं, की अहो, थोडं तरी समजावा तिला. तर म्हणाल्या, "मी हात घातला तर पोरांचा वाटा कमी होईल." ही बाई काय करते आहे ते माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मी अक्षरशः थक्क झाले. पंधरा वर्षं मी शिकवत होते. इतकं काहीही न करता इतकं शिकवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात त्यांनी दोन्ही वर्ग उत्तनला नेले. किनाऱ्यावर बांबूच्या उंच मांडवांवर बोंबील वाळत होते, ओळीच्या ओळी. त्यांच्या भावाची होडी नुकतीच लागली होती. मुलं धावत गेली आणि दोरीला लटकली. होडी आली वर. भावानं प्रत्येकाच्या हातात मूठमूठ मासळी दिली, मुलांनी ती रुमालात बांधली, निकितानं फ्रॉकच्या ओच्यात. मी पर्स खांद्याला लावून, साडी वाळूपासून उचलून धरून लांब उभी होते. फिलूबाई माझ्याजवळ आल्या. मी म्हटलं, "मला नको हो, आमच्याकडे चालत नाही." त्या म्हणाल्या, "तुला देत कोन हाय? तू हात न्हाय लावला." आणि खो खो हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य पायात वाळू शिरावी तसं टोचत राहिलं.

मार्चमध्ये वाचनाचा दिवस आला. शाळेच्या पडवीत सतरंज्या घातल्या होत्या. पालक बसले होते, संतोष मात्र अगदी मागे खांबाला टेकून उभे. फिलूबाईंची शेवटची अट मला तेव्हाच कळली. आपल्या गटाचं पान कुणी वाचायचं नाही, चिठ्ठी उचलायची आणि दुसऱ्याचं पान वाचायचं. स्वतःच्या गटाचं पान निकिताला एव्हाना पाठ असणार, ते तिनं धडाधड म्हटलं असतं. मी फिलूबाईंच्या कानाशी जाऊन म्हटलं, निदान हिला तरी सूट द्या, नाहीतर मुलगी गावाला जाईल. त्यांनी मान हलवली. "पाठ म्हटला तर बापाला बी कळंल. तो चित्रकार हाय."

निकिताच्या चिठ्ठीत आलं उत्तनच्या मुलांचं पान. तिनं वही समोर धरली. एक मिनिट गेलं. पुढं बसलेल्या बायका कुजबुजू लागल्या. मग ती वाचू लागली. सावकाश, एकेक अक्षर उचलून दुसऱ्याशेजारी ठेवत. "बों...बी...ल... बोंबील. ओले... बोंबील... काठीवर... टांगतात. एक... एकटा... टांगता... येत नाही. खाली... पडतो. म्हणून... दोघांची... तोंडं... एकमेकांत... अडकवतात. मग... दोघं... वाळेपर्यंत... धरून... राहतात." सहा-सात वाक्यांना तिला किती वेळ लागला कुणास ठाऊक. कुजबुज केव्हाच थांबली होती. मधे एका जोडाक्षराला ती अडली, तेव्हा साहिल जागेवरून उठलाच होता, फिलूबाईंनी नुसतं बघून त्याला बसवलं. निकितानं ते अक्षर दोन तुकड्यांत वाचलं, मग जोडून वाचलं आणि पुढं गेली. फिलूबाईंचे हात पाठीमागे होते. मी मागून बघत होते म्हणून मला दिसलं, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट असं घट्ट आवळलेलं होतं, की बोटं पांढरी पडली होती.

वाचून झालं तरी संतोष जागचे हलले नाहीत. सगळे गेल्यावर पुढं आले. वहीतलं ते पान त्यांनी हातात घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "ही चित्रं हिची नाय." मी म्हटलं, नाही, दुसऱ्या मुलांनी लिहिलंय. त्यांनी मान हलवली. "म्हंजे खरंच वाचलंन." आणि मग थोड्या वेळानं, "म्हातारीलाच इकडं आनतो, टीचर." मे महिन्यात ते आईला मोरव्याला घेऊन आले. निकिता चौथीत गेली. मी तिचं प्रगतिपुस्तक मागून घेतलं. ती ओळ खोडायची होती, निदान तो शेवटचा शब्द. फिलूबाईंनी खोडू दिली नाही. "खाली लिही. पोर मोठी झाल्यावर दोन्ही वाचंल. तू बी वाच." मी खाली लिहिलं, 'आता वाचते.' दोनच शब्द, पण ते लिहायला मला जितका वेळ लागला तितका आधीची ओळ लिहायला लागला नव्हता.

नंतर फिलूबाई निवृत्त झाल्या. मी अधूनमधून उत्तनला जायचे. शेवटची भेट त्या गेल्या त्याच्या पंधरा दिवस आधीची. पायऱ्यांवर बसल्या होत्या, श्वास लागत होता. माझ्या वर्गात आता चौघांत एक पेन्सिल असते, हे मी त्यांना दहाव्यांदा सांगितलं असेल. त्यांनी दहाव्यांदा विचारलं, "आणि तुझे हात?" मी म्हटलं, मागे. "खोटं," त्या म्हणाल्या. "तुझा लाल पेन वळवळत असनार."

त्या गेल्याला महिना झाला तेव्हाच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी गेले. निकिता आली होती, आता कॉलेजात आहे. बाबांच्या कामाच्या चिठ्ठ्या तीच लिहून देते आणि लिहिताना त्यांना एकेका अक्षराचा आवाजही सांगते. संतोषही आले होते, रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन. थडग्यावरच्या लाकडी क्रुसावर नाव घालायचं होतं आणि भाचीनं ते काम त्यांनाच सांगितलं होतं. प्रार्थनेनंतर संतोष थडग्यापाशी मातीत मांडी घालून बसले. चिठ्ठी आणली नव्हती. निकिता शेजारी उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले. "फ," ती म्हणाली. "पहिली वेलांटी." संतोषनी वर बघितलं. "शेपूट बाहेर काढलेला, तो ना?" "तोच." मग लो, मग मि. पांढऱ्या लाकडावर काळी अक्षरं एकेक करून येत गेली, कुठंही ओघळ नाही. शेवटचं अक्षर राहिलं आणि निकिताचा आवाजच फुटेना. तोंड उघडलं, मिटलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. संतोषनी ब्रश उचललेला तसाच हवेत धरला. पुढचं अक्षर त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. फिलूबाईंचं नाव त्यांनी आयुष्यात कितीदा तरी ऐकलं होतं. पण लिहिणाऱ्यानं आपल्या मनचं लिहायचं नसतं. ते थांबून राहिले. समुद्राकडून वारा येत होता आणि ब्रशच्या टोकाशी रंगाचा थेंब जमत होता.

"न," मी म्हटलं. "न ला काना."

त्यांनी लिहिलं.

निघताना भाचीनं वर्तमानपत्रात बांधलेल्या तीन पुड्या आणल्या. एक संतोषच्या हातात दिली, एक निकिताच्या, तिसरी माझ्यापुढं धरली. मी सवयीनं म्हणणार होते की आमच्याकडे चालत नाही. भाची म्हणाली, "आत्याच्या घराचा रिवाज हाय, टीचर. हात लागला त्याला वाटा." मी दोन्ही हातांनी पुडी घेतली.

घरी आल्यावर उघडून बघितली. सुके बोंबील, जोडीजोडीनं, तोंडं एकमेकांत अडकलेली. पुडी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली आहे. घरभर वास येतो. परवा यजमानांनी नाक मुरडून विचारलं, हे काय आणून ठेवलंयस? मी वह्या तपासत होते, मान वर न करता म्हटलं, "माझा वाटा आहे. राहू दे."